मेणाचे दात

भाकरीचा तुकडा

संघपाल सरांच्या पहिल्या तासाला वही लागत नसे. लागायचा तो कापूस. लातूरच्या त्या डेंटल कॉलेजात कवळ्यांचा विभाग त्यांच्याकडे होता, आणि नव्या बॅचच्या हातात हत्यारं द्यायच्या आधी ते प्रत्येकाच्या दोन्ही गालांत कापसाची गुंडाळी भरायला लावत, कानांत बोळे, डोळ्यांवर व्हॅसलीन फासलेले जुने चष्मे. मग टेबलावर कालच्या शिळ्या भाकऱ्या यायच्या.

"जेवा," सर म्हणायचे. "आणि जेवता जेवता शेजाऱ्याशी चार गोष्टी बोला. मुकाट्यानं जेवायला आपण काय तुरुंगात नाही."

वर्ग खिदळायचा. कुणाची लाळ एप्रनवर, कुणाचा घास नाकात. कंधारची साक्षी त्या दिवशी सगळ्यांत जास्त हसली. शेजारच्या पुनमला ती म्हणाली की तू अगदी आमच्या चुलत आत्यासारखी दिसून राहिलीस. पण पुनमला ते ऐकू गेलं नाही, आणि हसून झाल्यावर भाकरीही कुणाच्या घशाखाली गेली नाही. हिरड्यांनी चावल्यासारखं करायचं, गालात फिरवायचं, पुन्हा तिथंच. साक्षीनं इकडंतिकडं बघितलं आणि उरलेला तुकडा हळूच एप्रनच्या खिशात सारला.

सर मागंच उभे होते. तिच्या कानातला बोळा त्यांनी स्वतः काढला.

"लपवलास ना? तेपण असंच लपवतात."

सरांचा एक नियम होता. कॉलेजच्या हिशेबानं कवळी तोंडात बसवली की केस पूर्ण; सरांच्या हिशेबानं नाही. ज्याची कवळी त्याच्या घरी जायचं, तो जेवताना समोर बसायचं, मगच सही. पोरं या नियमाला कंटाळली होती. गावं लांब, एसटीचा भरवसा नाही, आणि म्हातारी माणसं जेवायला घातल्याशिवाय सोडत नाहीत.

चावा

रुक्मिणबाई आल्या त्या थोरल्या दिरासोबत. जळकोटच्या पुढचं त्यांचं गाव. नवरा रामकिशन अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, मुलगा भागवत नांदेडला कापडाच्या दुकानात. मग बाईला दवाखान्यात नेणार कोण? सुदामआबा. पांढऱ्याशुभ्र मिशा, खांद्यावर पंचा, एका हातात तिची पिशवी, दुसऱ्यात पाण्याची बाटली. आधी कधी कुठल्याशा दवाखान्यात कुणीतरी त्यांना दटावलं होतं की पेशंटला एकटं सोडू नका. तेव्हापासून ते खुर्चीला खेटूनच उभे राहायचे.

मापं घेऊन झाली होती. त्या दिवशी चावा घ्यायचा होता. ज्याच्या तोंडात एकही दात उरला नाही त्याचा खालचा जबडा वाट चुकलेल्या गुरासारखा असतो, कुठंही जाऊन थांबतो. म्हणून वर-खाली मेणाच्या वळ्या बसवतात, माणसाला निवांत करतात, तोंड उघड-मीट करायला लावतात, आणि जबडा आपल्या मूळच्या जागी येऊन टेकला की तिथं खूण. त्या खुणेवर पुढचे दात रचायचे. खूण चुकली तर मग दात मोत्याचे का असेनात.

रुक्मिणबाई खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, त्याचं टोक ओठांत धरलेलं.

साक्षी मोठ्यानं म्हणाली, म्हाताऱ्या माणसांशी सगळेच बोलतात तशी, "आजी, आ करा. अजून. अजून मोठा."

ओठ जरासे विलग झाले आणि जबडा पुढं सरकून थांबला.

सुदामआबा भिंतीकडं बघत म्हणाले, "त्यान्ला म्हनावं, नीट उघडा."

साक्षीला हसू आलं. बाई हाताच्या अंतरावर, आणि निरोप तिच्या मार्फत. तिनं पुन्हा दोनदा करून घेतलं, तिसऱ्यांदा वळ्या टेकल्या तिथंच खूण केली आणि केसपेपरवर लिहून टाकलं: पेशंटचं सहकार्य कमी.

पक्की कवळी बसवली त्या दिवशी तिनं आरसा दिला. रुक्मिणबाईंनी पदराच्या आडून स्वतःकडं ओझरतं बघितलं. साक्षी खाली वाकून लाडानं म्हणाली, "सरांनी विचारलं तर चांगले बसले म्हणा बरं का आजी. माझे मार्क तुमच्या तोंडात हायेत."

"हाव माय," त्या म्हणाल्या. "लई चांगले बसले."

कशाशी

जळकोटला जायचं राहून गेलं. आधी परीक्षा, मग दिवाळी, मग कंटाळा. साक्षी फोन करायची. पलीकडून दरवेळी तेच: हाव माय, समदं खाते. भाकर खाते, शेंगा खाते. तू जेवलीस का?

सही घ्यायला ती सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांनी पेन उघडलं.

"जेवताना पाहिलंस?"

"पाहिलं सर."

"काय जेवल्या?"

"भाकरी."

"कशाशी?"

सरांनी सहजच विचारलं होतं. आपल्याकडं कुणी जेवलं म्हटलं की कशाशी हे विचारतातच. वरण म्हणावं, पिठलं म्हणावं, ठेचा म्हणावं. जिभेवर काहीही आलं असतं. पण साक्षीच्या डोळ्यांसमोर त्या बाईचं ताटच येईना. ताट कसलं, स्वयंपाकघर येईना. कित्येक वेळा जिच्या तोंडात तिनं हात घातला होता, तिच्या घरात चूल आहे की गॅस हेही तिला ठाऊक नव्हतं.

सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि समोरचा चहा तिच्याकडं सरकवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

ओसरी

उदगीरला गाडी बदलून साक्षी जळकोटला उतरली. तिथून काळीपिवळी. शिवारात ज्वारी कमरेपर्यंत आलेली, तुरीला शेंगा. रुक्मिणबाई ओसरीवरच होत्या. तिला बघताच आत पळाल्या आणि परत आल्या तेव्हा तोंडात कवळी होती. गाल भरलेले दिसत होते, पण हनुवटी कशी बळंच पुढं काढल्यासारखी.

साक्षीची नजर त्यांच्या मनगटांवर गेली. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

रामकिशनना त्यांनी स्वतःच्या हातानं भरवलं. एकेक घास, मध्ये ओठ पुसून. त्यांचे सगळे दात शाबूत होते. हातपाय गेले तरी दात राहिले, असं ते स्वतःच एका बाजूच्या ओठानं म्हणाले आणि हसले. मग साक्षीला ताट, सुदामआबांना ताट. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर कांदा फोडून. साक्षी म्हणाली, आजी, तुम्हीपण बसा. त्या म्हणाल्या, तुमी खाऊन घ्या, मी मागून.

आबा जेवता जेवता सांगत होते की भागवतची आई आता लई खूश आहेत. यंदा येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, रानात जाणार म्हणतात. दात गेले तेव्हापासून त्या येळवशीला रानात आल्याच नव्हत्या. सगळं घर, सगळं गाव शेतात जायचं, कडब्याच्या कोपीपाशी पांडव पुजायचं, पंगतीनं बसून बाजरीचे घट्ट उंडे, पालेभाज्यांची भज्जी, ताकातली पातळ आंबील खायचं; आणि त्या म्हणायच्या, मालकापाशी कुणीतरी पाहिजे. खरं म्हणजे मालकापाशी बसायला शेजारची पार्वतीबाई कधीही आली असती.

रानात काय, आडोसा नसतो. सगळ्यांसमोर खावं लागतं.

रुक्मिणबाईंचं जेवण

इथं लिहायला काही नाही. दार लोटलेलं होतं.

दार उघडल्यावर

साक्षीनं हात धुतले आणि दार ढकललं.

रुक्मिणबाई चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. वाटीत दुधात कुस्करलेली भाकरी, तीही पळीनं चेचून पातळ केलेली. बोटानं थोडीशी जिभेवर ठेवायच्या आणि मान वर करून गिळायच्या, कोंबडी पाणी पिते तशा. तोंडात कवळी नव्हती. भिंतीतल्या देवळीत, देवांच्या शेजारी, स्टीलच्या डबीत पाण्यात ती ठेवलेली होती. घासूनपुसून लख्ख. डबीला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं.

त्यांनी पटकन वाटी पदराखाली घेतली.

साक्षीला खिशातला भाकरीचा तुकडा आठवला.

ती शेजारी बसली, दुखतात का विचारलं. न्हाई, म्हणाल्या. मग साक्षीनं हात धुऊन बोट आत फिरवलं तेव्हा त्यांचा खांदा थरथरला. दोन्ही बाजूंना हिरडीवर जुन्या जखमा, त्यांच्यावर नव्या.

"आजी, फोनवर कामून सांगितलं न्हाई?"

"तूच म्हनलीस की, तुजे मार्क हायेत म्हनून." त्या वाटीकडं बघत होत्या. "येका म्हातारीच्या घासापायी लेकराचं वरीस कशाला वाया घालवावं? आमी काय, गिळून घेतो."

साक्षीला रडू आलं. मग त्यांनीच तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि वाटीतलाच घास तिला भरवायला निघाल्या.

चावा, पुन्हा तोच

तीच खुर्ची. तीच मेणाची वळी. साक्षी म्हणते आहे, आ करा.

पण आता खुर्चीला खेटून उभ्या असलेल्या माणसाकडं बघा. तो थोरला दीर आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून रुक्मिणबाईंचा डोक्यावरचा पदर त्याच्यासमोर ढळलेला नाही. त्याच्यासमोर त्या कधी जेवल्या नाहीत, मोठ्यानं हसल्या नाहीत, त्याचं नाव घेतलं नाही. त्यानंही कधी त्यांच्याशी थेट बोलणं केलं नाही. बोलायचं ते भिंतीशी, नाहीतर पोरांमार्फत. यात भांडण नव्हतं, अदब होती. घरात कुणाचं दुखलंखुपलं तर हाच माणूस आधी धावायचा. आणि आता त्याच्यापासून हातभरावर, लाईटच्या झोतात, एक परकी मुलगी त्यांना म्हणते आहे की तोंड उघडा, बोळकं दाखवा, अजून मोठं.

त्यांनी जबडा आवळून पुढं घेतला. ओठांनी ओठ झाकता यावेत म्हणून. मेणावर खूण पडली ती चाव्याची नव्हती, लाजेची होती. तिच्यावर साक्षीनं अठ्ठावीस दात रचले.

कुणीतरी म्हणायला हवं होतं, आबा, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या.

एवढंच.

मेणाचे दात

साक्षीनं सगळं सरांना सांगितलं, पाहिलं नव्हतं हेही. सरांनी कपाटातून मेणाचा डबा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले की चावा त्यांच्या घरी जाऊन घे, आपण सामान देऊ. आणि येळवशीच्या आधी झालं पाहिजे. ते स्वतः निलंग्याकडचे. येळवस म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही.

पुनमला सोबत घेऊन ती गेली. सुदामआबांना तिनं ओसरीवर गाठून, अडखळत, कारण सांगितलं. आबांनी पंच्यानं तोंड पुसलं.

"मी थांबलो असतो की बाहीर. कुनी म्हनलंच न्हाई." मग म्हणाले, "म्हंजे माज्यामुळं उपाशी राहिल्या का त्या?"

उत्तराची वाट न बघता ते उठले आणि पार वेशीपलीकडं जाऊन बसले. मग घराचं दार लावलं, पार्वतीबाई आली, चुलीपाशी चौघी बायका. रुक्मिणबाईंनी पदर खांद्यावर घेतला. पार्वतीबाई म्हणाली की आता हिला दात आले की ही आमाला चावंल, आदीच जिभेनं काय कमी चावती? रुक्मिणबाई हसल्या. मोठ्यानं, सगळं बोळकं दाखवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसून दमल्या आणि जबडा आपोआप मागं येऊन टेकला. साक्षीनं तिथं खूण केली.

पुढच्या खेपेला ती मेणावर रचलेले दात घेऊन गेली. पक्के करण्याआधी ते एकदा तोंडात घालून बघतात. दात बसले. हनुवटी जागेवर होती, ओठ सुटे होते. आरशात रुक्मिणबाईंनी किती वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ही तर मी हाय."

साक्षी घाईनं म्हणाली की आजी, यांनी काही खायचं नाही हं, मेण आहे, निघून येतील. पक्के आणते आठवड्यात.

"न्हाई खात. नुसतं बगते."

आणि त्यांनी रिकाम्या हातानं उंडा उचलला, भज्जीत बुडवला, तोंडात घातला. सावकाश, एकदा या बाजूनं, एकदा त्या. डोळे मिटलेले. पार्वतीबाई हसायची थांबली. सगळ्या गप्प बसल्या, कुणी जेवताना बसावं तशा. घास संपल्यावर रुक्मिणबाईंनी बोटं चाटली.

"मीठ कमी झालं," त्या म्हणाल्या.

पक्के

कवळी तयार झाली त्या दिवशी सरांनी ती हातात फिरवून बघितली आणि काही न बोलता परत दिली. सरांचं न बोलणं म्हणजे शाबासकी. साक्षीनं डबीत पाणी घातलं, डबी रुमालात बांधली, सकाळच्या गाडीनं निघायचं ठरवलं.

संध्याकाळी भागवतचा फोन आला. आधी त्यानं तिला जेवलात का विचारलं. मग सांगितलं की आईला चार दिवस खोकला होता, उदगीरच्या दवाखान्यात नेलं, न्युमोनिया म्हणाले. अंगात ताकदच नव्हती म्हणाले. आज दुपारी गेली.

साक्षी म्हणाली, "हो."

दहावा

येळवस सुतकात आली आणि गेली. सगळ्या शिवारांत धूर निघाले. रुक्मिणबाईंच्या रानात कोप उभी राहिली नाही.

दहाव्याला साक्षी आणि संघपाल सर दोघंही गेले. तळ्याच्या काठी भागवत केस उतरवून बसलेला. रामकिशनना बाजेवरून आणलं होतं. ते एका डोळ्यानं रडत होते, दुसरा कोरडाच. पिंडापाशी पान मांडलं होतं. सुतकाच्या घरात येळवशीचं शिजत नाही, म्हणून पार्वतीबाईनं आपल्या घरून करून आणलं होतं: उंडे, भज्जी, द्रोणात आंबील. मीठ बघून घातलं, असं तिनं साक्षीच्या कानात सांगितलं.

सगळे मागं सरकले. आता कावळ्याची वाट. हल्ली कावळे लवकर येत नाहीत. माणसं तासन्‌तास खोळंबतात, मेलेल्याला वचनं देत बसतात. कुणीतरी कुजबुजलं, भागवतच्या लग्नाचं राहिलं तिचं. कुणी म्हणालं, मालकाचं कोण बघंल ही काळजी.

सुदामआबा उठले. साक्षीजवळ येऊन खाली बघत म्हणाले, "मी जरा तिकडं थांबतो, बाई. मी हितं हाय तवर त्या तोंड उघडायच्या न्हाईत."

आणि चालत चालत बाभळीपलीकडं गेले. तिथं सगळ्यांकडं पाठ करून उभे राहिले.

कावळा आला. लगेच आला. पानाभोवती एक फेरी, मान तिरपी, मग चोच खाली. माणसांनी सुटकेचा श्वास टाकला, हात जोडले. पार्वतीबाई डोळे पुसत म्हणाली, काही राहिलं नव्हतं गं तिचं, सुखानं गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि लोक अंघोळीला तळ्याकडं निघाले.

साक्षी तिथंच उभी राहिली. पिशवीत डबी होती. पाणी हललं की आत दात हलल्याचा आवाज यायचा. सर शेजारी होते. तेही पानाकडंच बघत होते.

बाभळीपलीकडून, पाठ न वळवता, सुदामआबांनी विचारलं, "जेवल्या का?"

"जेवल्या, आबा."

"काय खाल्लं?"

साक्षीनं पुन्हा नीट बघितलं. या खेपेला बघूनच सांगायचं होतं.

"आंबील," ती म्हणाली.

आबांनी पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"आनि उंडे?"

"उंडे तसेच हायेत."

आबांनी मान हलवली. ते वळले नाहीत. कोण जाणे, सावकाश खात असतील, असं म्हणून ते तसेच पाठमोरे उभे राहिले, ऊन डोक्यावर येईपर्यंत.